एज ऑफ एम्पायर्स २ मध्ये स्वतःचा सिनारिओ कसा बनवायचा: पन्हाळा ते विशाळगड, अगदी पहिल्यापासून

एज ऑफ एम्पायर्स २ हा फौजा चालवायचा कॉम्प्युटर गेम, आणि सिनारिओ म्हणजे त्याच्यासोबत येणाऱ्या एडिटरमध्ये आपण स्वतः बनवलेला, खेळता येणारा प्रसंग. माझा पहिला सिनारिओ पूर्ण व्हायला सात महिने लागले आणि दुसरा तीन आठवड्यांत झाला. मधल्या काळात एडिटरमधली बटणं फार जास्त कळायला लागली होती असंही नाही, फक्त कोणतं काम आधी आणि कोणतं नंतर हे कळलं. पहिल्या वेळी मी एडिटर उघडला, सगळ्यात मोठा नकाशा घेतला आणि झाडं लावत बसलो, महिनाभर झाडंच लावली. मग लक्षात आलं की या जंगलात खेळणाऱ्याने करायचं काय हेच ठरलेलं नाही. नवीन लोक बहुतेक इथेच अडकतात आणि सोडून देतात, म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय.

उदाहरण म्हणून मी बनवलेलाच सिनारिओ घेतो, जुलै १६६० मधली पन्हाळगडावरून विशाळगडाकडे निघालेली रात्र आणि घोडखिंड. गेम एज ऑफ एम्पायर्स २ ची डेफिनिटिव्ह एडिशन, २०१९ ची. मूळ गेम १९९९ चा, त्याच्या जुन्या आवृत्त्यांमध्येही एडिटर होता पण खाली सांगितलेले काही इफेक्ट त्यात मिळणार नाहीत.

सुरू करण्याआधी जवळ काय हवं

- डेफिनिटिव्ह एडिशन, शक्य असेल तर २०२२ चं डायनॅस्टीज ऑफ इंडिया हे डीएलसी (मूळ गेमला वेगळा जोडायचा भाग) पण, कारण हिंदुस्तानी, गुर्जर, द्रविडियन आणि बंगाली या चार वेगळ्या सिव्हिलायझेशन त्याच्यानंतरच आल्या
- चौकटीची वही, पेन्सिल, खोडरबर
- ज्या घटनेवर बनवताय तिच्यावरचं किमान दोन वेगळ्या लेखकांचं वाचन
- एक साधी नोट फाईल, ट्रिगरची ('असं झालं तर तसं कर' अशा गेमला दिलेल्या हुकमांची) यादी ठेवायला
- गेम येणारा पण ही घटना नीट माहीत नसलेला एक मित्र, तो शेवटी लागेल

१. आधी पेच शोधा, मग गोष्ट

इतिहासातली घटना आपल्याला पाठ असते त्यामुळे वाटतं की ती तशीच्या तशी दाखवली की झालं. पण सिनारिओ खेळणाऱ्याला हातात काहीतरी ठरवायला हवं असतं. तुम्ही फक्त 'इथे जा, याला मार, आता तिथे जा' असं लावलंत तर तो दहा मिनिटांत कंटाळतो, मग लढाई कितीही मोठी असो.

मी आधी पन्हाळ्याचा वेढाच करायला घेतला होता. सिद्दी जौहरचा वेढा, मार्च ते जुलै असा चार महिने चाललेला, सोबत अफजलखानाचा मुलगा फाजलखान, राजापूरच्या वखारीतून तोफा घेऊन आलेले इंग्रज, सगळं मसाला भरपूर. पण खेळणारा आत बसून काय करणार? वाट बघणार. चार महिने वाट बघणं गेममध्ये येत नाही.

मग वाचताना एक गोष्ट लक्षात आली जी मला शाळेपासून माहीत असून कधी नीट जाणवली नव्हती. महाराज विशाळगडाच्या पायथ्याशी पोचले तेव्हा तिथे वाट मोकळी नव्हतीच, शृंगारपूरचे सूर्यराव सुर्वे आणि पालवणचे जसवंतराव दळवी यांनी आदिलशाहीच्या बाजूने त्या गडालाही मोर्चे लावले होते. म्हणजे मागे पाठलागावरचा आदिलशाही सरदार सिद्दी मसूद आणि पुढेही शत्रू. परंपरेनुसार सहाशे माणसं होती, त्यातली तीनशे बाजीप्रभूंबरोबर खिंडीत थांबली. आता हाच पेच बघा: खिंडीत जास्त माणसं ठेवली तर विशाळगडाचा मोर्चा फोडायला कमी पडतात, पुढे जास्त नेली तर खिंड लवकर पडते आणि मसूद पाठीवर येतो.

हे मिळालं त्या दिवशी सिनारिओ झाला असं समजा, बाकी सगळी मेहनत. तुमच्या घटनेतही असा प्रश्न शोधा ज्याची दोन्ही उत्तरं महाग पडतात. तो एका वाक्यात वहीच्या पहिल्या पानावर लिहा. पुढे प्रत्येक वेळी 'हे पण टाकू का' असं वाटलं की ते वाक्य वाचा, त्या पेचाशी संबंध नसेल तर ती गोष्ट टाकू नका. मी इंग्रजांच्या तोफा याच कारणाने काढल्या, वाईट वाटलं पण काढल्या.

२. नकाशा कागदावर काढा, आणि वही तिरकी धरून

गेममधला नकाशा चौकोन असला तरी स्क्रीनवर तो हिऱ्यासारखा दिसतो, उत्तर वरच्या टोकाला, पूर्व उजव्या टोकाला. वही सरळ ठेवून नकाशा काढलात की एडिटरमध्ये सगळं पंचेचाळीस अंश फिरतं आणि दिशांचा गोंधळ उडतो. वही कोपऱ्यावर उभी धरल्यासारखी फिरवा आणि मग काढा.

पन्हाळा पूर्वेला, विशाळगड त्याच्या पश्चिमेला थोडा उत्तरेकडे. त्यामुळे माझा सगळा प्रवास स्क्रीनच्या उजव्या टोकाकडून डाव्या टोकाकडे जातो. मध्ये तीन गोष्टी: वेढ्याची चौकी, कासारी नदीच्या खोऱ्यातला चिखलाचा पट्टा, आणि डाव्या टोकाच्या अलीकडे गजापूरची खिंड, म्हणजेच घोडखिंड, जिला आता पावनखिंड म्हणतात. पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड ट्रेक केला असेल तर तो अनुभव वापरा. मी केलाय, आणि जे लक्षात राहिलं ते म्हणजे डोंगर नाही, पायाखालचा चिखल आणि समोरचं न दिसणं. ते नकाशात आणायचं होतं.

३. नकाशाची साईज आणि अंतराचं गणित

एडिटर उघडला की पहिला मॅप टॅब. साईज टायनी म्हणजे १२० बाय १२० टाइलपासून (टाइल म्हणजे नकाशावरचा एक छोटा चौकोन) ल्युडिक्रस म्हणजे ४८० बाय ४८० पर्यंत आहेत. पहिल्या सिनारिओला १६८ च्या मिडियमच्या वर जाऊ नका, प्लीज. ४८० चा नकाशा भरायला किती दिवस जातात ते मी बघितलंय, आणि रिकामी जागा खेळणाऱ्याला लगेच दिसते.

आता 'पण मग प्रवास लांबचा वाटणार कसा' हा प्रश्न येतो, त्याचं गणित करून ठेवा. साधा तलवारवाला सेकंदाला ०.९ टाइल चालतो. माझी वळणावळणाची वाट साधारण २६० टाइलची होती, म्हणजे २९० सेकंदांच्या आत काम. त्यात हे गेमचे सेकंद आहेत, नॉर्मल स्पीड १.७ असतो, म्हणजे घड्याळात तीन मिनिटंसुद्धा नाहीत. अख्खी रात्र तीन मिनिटांत संपली! पहिल्या टेस्टला मी नुसता बघत बसलो.

यावर नकाशा मोठा करणं हा उपाय नाही, उलट खेळणारा रिकामं चालत बसेल. मी तीन गोष्टी केल्या. चिखलाच्या पट्ट्यात शिरल्यावर वेग बदलणारा इफेक्ट लावून सगळ्यांचा वेग कमी केला. वाटेत फिरत्या चौक्या ठेवल्या, त्यामुळे थांबून, बघून, त्यांची पाठ वळली की निघावं लागतं. आणि तिसरं, वाटेला दोन ठिकाणी फाटे दिले, एक जवळचा पण चौकीचा, एक लांबचा पण मोकळा. आता तेच अंतर बारा-तेरा मिनिटं घेतं आणि त्यात कुठेही नुसतं चालणं नाही.

मॅप टॅबमध्येच कलर मूड म्हणून एक ऑप्शन आहे, रात्रीचा मूड लावला की सगळा नकाशा निळसर अंधारी होतो. एका क्लिकचं काम आहे पण फरक खूप पडतो. मात्र हे शेवटी लावा, आधी लावलंत तर काम करताना डोळे दुखतात.

४. जमीन: इथे घाई करू नका

टेरेन टॅबमध्ये ब्रश, उंची आणि कडे मिळतात. क्रम असा ठेवा: आधी उंची, मग कडे, मग पाणी, मग जमिनीचा रंग, सगळ्यात शेवटी झाडं. उलटं केलंत तर उंची बदलताना वरचं सगळं परत करावं लागतं.

उंचीचा उपयोग नुसता दिसण्यासाठी नसतो हे नवीन लोकांना माहीत नसतं. या गेममध्ये वरून खाली मारलं तर नुकसान सव्वापट होतं, खालून वर मारलं तर पाऊणपट. खिंडीत बाजीप्रभूंची बाजू दोन पायऱ्या उंच ठेवली की मोजकी माणसं मोठ्या फौजेला का थोपवू शकली हे खेळणाऱ्याला न सांगता कळतं.

खिंडीच्या रुंदीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. दोन्ही बाजूंना कडे लावले कारण कड्यावरून कुठलंही युनिट (सैनिक, घोडेस्वार, तोफ वगैरे) जात नाही. आठ टाइल रुंद ठेवली तर शत्रू बाजूने घसरून मागे जायचे, खिंड राहायचीच नाही, मैदान व्हायचं. तीन टाइल केली तर दोन्हीकडची गर्दी अडकून पडायची आणि मागचे शत्रू रस्ता मिळत नाही म्हणून उभेच राहायचे. पाच टाइलला ते जमलं. तुमच्याकडे किती युनिट आहेत त्यावर आकडा बदलेल, पण तो टेस्ट करूनच ठरवा, डोळ्यांनी बघून ठरवू नका.

नदीला शॅलोज वापरा, त्यातून युनिट चालत जातात. झाडं लावताना मोठा ब्रश फिरवून सरसकट जंगल करू नका, वाटेच्या कडेला सुटी झाडं, दगड, गवत हाताने ठेवा. नकाशाच्या ज्या भागात खेळणारा कधी जाणारच नाही तिथे मोठा ब्रश चालेल, वेळ वाचवा.

५. प्लेअर्स, सैन्य आणि नावं

प्लेअर टॅबमध्ये आठपर्यंत प्लेअर मिळतात. मी चार घेतले: १ खेळणारा, २ सिद्दी मसूद, ३ विशाळगडाची शिबंदी, ४ सुर्वे-दळवी. डिप्लोमसीमध्ये १ आणि ३ दोस्त, २ आणि ४ दोस्त, बाकी शत्रू. हे दोन्ही बाजूंनी लावायचं असतं, मी तुझा दोस्त म्हणजे तू माझा दोस्त असं गेम आपोआप धरत नाही.

गेमचा मूळ काळ साधारण सोळाव्या शतकाच्या शेवटाला संपतो, त्यातली नोर्यांग पॉइंटची लढाई १५९८ ची. त्यामुळे १६६० साठी अगदी हुबेहूब युनिट मिळणार नाहीत, जवळचं शोधायचं. आदिलशाही फौजेला मी हिंदुस्तानी दिलं, घोडदळ आणि बंदूकवाले म्हणून हँड कॅननिअर. मावळ्यांना नाव बघितलं तर विचित्र वाटेल पण द्रविडियन दिलं, कारण तिथे पायदळ चांगलं आहे आणि त्यांचा उरुमी स्वोर्ड्समन लवचिक पात्याने एका वेळी आजूबाजूच्या अनेकांना मारतो, आपल्या दांडपट्ट्याच्या जवळ जाणारं दुसरं युनिट अख्ख्या गेममध्ये नाही. बाजीप्रभू तेच युनिट आहे, फक्त चेंज ऑब्जेक्ट नेम या इफेक्टने नाव बदललं आणि हेल्थ वाढवली.

माणसं एकास दहा या प्रमाणात घ्या. सहाशेची साठ. साठ युनिट खेळणाऱ्याला सांभाळता येतात आणि त्यातलं एक पडलं तरी जाणवतं. त्यातल्या काहींना नावं द्या: फुलाजीप्रभू, शिवा काशीद, बांदलांचे मावळे. नाव असलेलं युनिट लोक वेगळ्या काळजीने चालवतात, हे मी मित्रांना खेळताना बघून सांगतोय. आणि शत्रूलाही नुसता 'शत्रू' ठेवू नका, मसूद कसलेला सरदार होता म्हणून तर रात्रभर पाठलाग करत खिंडीपर्यंत पोचला.

इथे दोन सापळे आहेत.

पहिला, ज्या प्लेअरचं सैन्य तुम्ही नंतर ट्रिगरने आणणार आहात त्याच्याकडे सुरुवातीला काहीच नसेल तर तो पहिल्याच क्षणी हरलेला धरला जाऊ शकतो. मसूदसाठी मी नकाशाच्या कोपऱ्यात कड्यांच्या मागे एक घर ठेवलंय, ते कुणाला दिसत नाही.

दुसरा, कॉम्प्युटर प्लेअरला एआय स्टँडर्ड ठेवलात तर तो तुमच्या ट्रिगरने पाठवलेली युनिट स्वतःच्या मनाने दुसरीकडे घेऊन जातो. ट्रिगरने चालवायच्या प्लेअरला पर्सनॅलिटी नन करा. तरी समोर शत्रू आला की युनिट लढतातच, त्याची काळजी नको.

६. ट्रिगर: सिनारिओचा जीव इथे आहे

ट्रिगर म्हणजे 'असं झालं तर तसं कर'. झालं तर हा भाग कंडिशन, कर हा भाग इफेक्ट. एका ट्रिगरमध्ये अनेक कंडिशन टाकल्या तर साधारणपणे त्या सगळ्या पूर्ण व्हाव्या लागतात. कंडिशनच नसेल तर ट्रिगर गेम सुरू होताच चालतो. एवढं कळलं की ऐंशी टक्के काम येतं.

एकही ट्रिगर बनवण्याआधी यादी लिहा. माझी मूळ यादी एवढीच होती:

- १०_सुरुवात: कंडिशन नाही. सूचना दाखव, बाजीप्रभू आणि इतरांची नावं लाव
- २०_खिंडीत_पोचले: महाराज खिंडीच्या एरियात आले. ३०, ३१ आणि ४० चालू कर
- ३०_मसूद_लाट: सुरुवातीला बंद, लूपिंग (म्हणजे परत परत चालणारा). टायमर ४५. पूर्वेच्या टोकाला सहा युनिट तयार कर
- ३१_लाट_पुढे: सुरुवातीला बंद, लूपिंग. टायमर २ आणि त्या टोकाला युनिट असतील तर. सगळ्यांना खिंडीकडे अटॅक मूव्ह
- ४०_मोर्चा_फोडा: सुरुवातीला बंद. नवीन उद्दिष्ट दाखव
- ५०_गडावर_पोचले: महाराज विशाळगडाच्या दरवाजाच्या आत आले. तोफा, मग ६० चालू कर
- ६०_विजय: सुरुवातीला बंद. टायमर २५. प्लेअर १ विजयी
- ९०_महाराज_पडले: तो ऑब्जेक्ट नष्ट झाला. प्लेअर २ विजयी

नावाआधी दहाच्या पटीतले आकडे मुद्दाम आहेत, मध्ये काही घालायचं झालं तर २५ घालता येतो. 'ट्रिगर १७' 'ट्रिगर १८' अशी नावं ठेवलीत तर पंधरा दिवसांनी तुम्हालाच कळणार नाही कोण काय करतं.

या यादीतल्या प्रत्येक ओळीमागे माझी एकेक चूक आहे, त्या सांगतो.

लूपिंग लावलं आणि टायमर विसरलात तर ट्रिगर सतत चालतो. माझ्याकडे ३० नंबरच्या ट्रिगरला हेच झालं, मिनिटभरात खिंडीच्या पूर्वेला घोडेस्वारांचा नुसता गठ्ठा झाला, गेम अडखळायला लागला आणि शेवटी बंद करावा लागला. लूपिंग आणि टायमर यांची जोडी डोक्यात पक्की करा.

टायमर गेम सुरू झाल्यापासून चालतो असं लोक समजतात. तो ट्रिगर चालू झाल्यापासून मोजतो. म्हणून ३० बंद ठेवून २० ने चालू केलाय, नाहीतर महाराज पन्हाळ्याच्या तटाखाली असतानाच मसूदच्या लाटा खिंडीत हजर. आणि टायमरचे सेकंद गेमचे, १.७ स्पीडला ४५ म्हणजे घड्याळातले साधारण २६, हे लक्षात ठेवून आकडे टाका.

शत्रूला पाठवताना टास्क ऑब्जेक्ट आणि अटॅक मूव्ह यातला फरक समजून घ्या. टास्कने युनिट ठरलेल्या जागी नुसतं चालत जातं, वाटेत मार खात. माझ्या पहिल्या आवृत्तीत मसूदचे लोक बाजीप्रभूंच्या रांगेवर येऊन आपटायचे आणि न लढता पलीकडे जायचा प्रयत्न करायचे, फार वाईट दिसायचं. अटॅक मूव्हने ते वाटेत दिसेल त्याच्याशी लढतात.

ट्रिगरने तयार होणारं युनिट आधीपासून नकाशावर नसतं त्यामुळे ते इफेक्टमध्ये सिलेक्ट करता येत नाही. म्हणून ३१ मध्ये युनिट न निवडता एरिया निवडलाय: जे कोणी या चौकोनात असेल त्याला पाठव. आणि तयार करायची जागा अडलेली असेल, झाड असेल किंवा आधीचं युनिट तिथेच उभं असेल, तर नवीन युनिट येतच नाही. सहा युनिटना सहा वेगळ्या मोकळ्या टाइल द्या.

ग्लोबल व्हिक्टरी टॅबमध्ये कस्टम लावा. दुसरं काही राहिलं तर तुमची गोष्ट अर्धवट असताना गेम स्वतःच निकाल लावून मोकळा होतो. ऑप्शन्स टॅबमधून नको असलेल्या इमारती आणि युनिट पण बंद करा, त्या रात्री कुणी बाजार बांधत नव्हतं.

आता राहिला पेच. साठ माणसांची वाटणी मी ट्रिगरने केलेली नाही, मुद्दाम. खिंडीत पोचल्यावर फक्त सूचना येते की विशाळगडाखाली सुर्वे आणि दळवी बसलेत. किती माणसं ठेवायची ते खेळणारा माऊसने ठरवतो. सुर्वे-दळवींची ताकद अशी ठेवलीय की पंचवीसच्या खाली माणसं घेऊन गेलात तर मोर्चा फोडायला खूप वेळ लागतो, आणि खिंडीत पंचवीसच्या खाली ठेवलीत तर सातव्या-आठव्या लाटेला रांग तुटते. हे आकडे बसवायला चाळीसेक वेळा खेळून बघावं लागलं, त्याला पर्याय नाही. बाजीप्रभू पडले म्हणून हार होत नाही, महाराज पडले तरच हार, कारण त्या रात्रीचा हिशोबच तसा होता.

शिवा काशीद यांच्यासाठी नंतर २५ नंबरचा ट्रिगर घातला. पालखीचं युनिट गेममध्ये नाही, मी ट्रेड कार्टचं नाव बदलून वापरलं. ती दुसऱ्या वाटेने पाठवली की मसूदची पहिली तुकडी तिच्या मागे जाते आणि खिंडीतली लाट उशिरा सुरू होते. शिवा काशीद यांना पाठवणं सक्तीचं नाही. पाठवलं तर ते परत येत नाहीत, आणि हे खेळणाऱ्याला आधी माहीत असतं.

७. एक प्रसंग जवळून: तोफांचे बार

५० नंबरचा ट्रिगर मी सगळ्यात जपून केला. नुसता मेसेज टाकून 'तोफा झाल्या' असं लिहायचं मनाला पटत नव्हतं, आवाज यायलाच हवा. म्हणून गडावर प्लेअर ३ च्या तीन बॉम्बार्ड कॅनन ट्रिगरने तयार होतात आणि दोन सेकंदांनी त्यांना तटाखालच्या, सुर्वे-दळवींच्या एका लाकडी कुंपणावर मारा करायचा हुकूम जातो. पहिल्यांदा एकही गोळा सुटला नाही. तासभर ट्रिगर तपासले, सगळे बरोबर. मग कळलं की बॉम्बार्ड कॅननला पाच टाइलच्या आतलं मारता येत नाही, कुंपण चार टाइलवर होतं. ते आठ टाइलवर नेलं आणि तीनही तोफा धडाधडा उडाल्या.

दुसरी अडचण अशी की गेममध्ये आवाज स्क्रीनवर जे दिसतंय त्याचाच येतो, खेळणारा त्या क्षणी कुठेही बघत असू शकतो. म्हणून चेंज व्ह्यूने कॅमेरा आधी गडावर आणला, बार झाल्यावर सहा सेकंदांनी खिंडीवर नेला आणि तिथेच ठेवला. खिंडीत जे कोणी उरले असतील ते लढत असतात. वर एकही अक्षर येत नाही. पंचवीस सेकंदांनी ६० चालतो.

८. टेस्ट

प्रत्येक ट्रिगर बनवला की लगेच टेस्ट. दहा ट्रिगर बनवून एकदम टेस्ट केलीत तर चूक कुठे हे शोधताना रात्र जाते.

प्रत्येक ट्रिगरमध्ये सेंड चॅटचा एक इफेक्ट टाका आणि त्यात त्याच ट्रिगरचं नाव लिहा. गेम खेळताना कोणता ट्रिगर कधी चालला ते स्क्रीनवर दिसतं. शेवटी हे सगळे काढायला विसरू नका. अंधारामुळे पूर्ण नकाशा दिसत नसेल तर चॅटमध्ये मार्को आणि पोलो हे दोन शब्द इंग्रजीत टाईप करा, आधीच्याने नकाशा उघडतो, नंतरच्याने धुकं जातं.

सेव्ह करताना दर वेळी नवीन नाव: पन्हाळा ०१, पन्हाळा ०२. मी एकाच नावावर सेव्ह करायचो, एकदा खिंडीचा सगळा भाग चुकून सपाट झालेला असताना सेव्ह केलं आणि चार दिवसांचं काम गेलं. आता फोल्डरमध्ये चौसष्ट फाईली आहेत आणि शांत झोप लागते. शिवाय आठवड्यातून एकदा तो सिनारिओचा फोल्डर पेनड्राईव्हवर टाका.

९. मजकूर

मेसेजेस टॅबमध्ये सूचना, हिंट्स आणि इतिहास असे वेगळे भाग असतात. सूचना चार ओळींच्या वर नेऊ नका, लोक वाचत नाहीत. इतिहासाच्या भागात मात्र मोकळेपणाने लिहा आणि तिथे प्रामाणिक रहा: कशाला कागदपत्रांचा आधार आहे, कुठली गोष्ट परंपरेने आलीय, आणि कुठला भाग तुम्ही खेळ जमावा म्हणून घातलाय, तिन्ही वेगळं सांगा. माझ्या चौक्या आणि वाटेचे फाटे मी घातलेले आहेत, तसं तिथे स्पष्ट लिहिलंय. आपल्याकडे या विषयावर लोकांचं प्रेम आहे, लहान पोरं सिनारिओ खेळून तेच खरं धरून बसतात.

गेमला हिंदी भाषा आहे म्हणजे देवनागरी दिसते, पण मजकूर पूर्ण लिहिण्याआधी जोडाक्षरांची एक ओळ टाकून बघा. मी 'विशाळगडाखाली शत्रूचे मोर्चे, प्रभूंना खिंडीत ठेवा' हीच ओळ टाकली होती, त्यात ळ, त्रू, र्चे, प्र सगळं तपासून होतं. दुसऱ्या कुणाच्या मशीनवर गेम इंग्रजीत चालत असेल, तिथेही एकदा बघा.

१०. मित्राला द्या, मग अपलोड करा

मित्र खेळताना शेजारी बसा आणि काहीही बोलू नका, हे फार अवघड जातं पण तेच कामाचं आहे. तो कुठे थांबला, कुठे चुकीच्या दिशेला गेला, कोणती सूचना वाचलीच नाही, ते वहीत लिहा. माझा मित्र कासारीच्या चिखलात दहा मिनिटं अडकला कारण उतार कुठे आहे ते त्याला दिसतच नव्हतं, मी मात्र शंभर वेळा तिथून गेलो होतो म्हणून मला ते कधी खटकलं नाही. दोन मशाली लावल्या आणि प्रश्न संपला.

अपलोड गेममधल्या मॉड्सच्या (खेळणाऱ्यांनी बनवलेल्या गोष्टींच्या) मेनूतूनच होतं. वर्णनात हे लिहा: अंदाजे किती वेळ लागतो, कोणतं डीएलसी हवं, कोणत्या डिफिकल्टीवर तुम्ही टेस्ट केलंय. डीएलसीचं पहिल्याच ओळीत लिहा, नाहीतर ज्याच्याकडे ते नाही तो उघडायला जाईल आणि तुमचा सिनारिओच बिघडलाय असं समजेल. चित्र म्हणून खिंडीचा स्क्रीनशॉट घ्या, लढाई सुरू व्हायच्या आधीचा, त्यात जागा नीट दिसते. आणि कुणी चूक कळवली तर ती दुरुस्त करून नवीन फाईल जुन्याच एन्ट्रीवर टाका, वेगळी एन्ट्री केलीत तर अर्धे लोक जुनीच खेळत राहतात.